आधार आणि अनुनाद: टॉमच्या जोडणीचा इतिहास

वाद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा नाद काढणाऱ्या भागांविषयी लिहितात. तार कोणत्या धातूची, चामडे कोणत्या जनावराचे, लाकूड कोठले, ह्याची चर्चा भरपूर होते. ते वाद्य कशावर टेकले आहे, कशाला टांगले आहे, कोणत्या स्क्रूने कोठे जखडले आहे, हा तपशील मात्र कारागिराच्या वहीत राहतो. समीक्षेच्या पानावर तो क्वचितच येतो. जणू वाद्य अधांतरीच वाजते आणि त्याला धरून ठेवणारी वस्तू केवळ सोयीची असते.

आमच्या मते ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. त्यासाठी आम्ही पाश्चात्त्य ड्रमसंचातील टॉम हे वाद्य निवडले आहे. टॉमचा पडदा, त्याचे लाकूड, त्याचा आकार ह्यांत मागील काही दशकांत आमूलाग्र म्हणावा असा बदल झालेला नाही. तो ज्या लोखंडी सांगाड्याला जोडला जातो त्यात मात्र पिढीगणिक बदल होत गेला आणि प्रत्येक बदलाबरोबर टॉमचा आवाज कमीअधिक बदलला. ह्या इतिहासात ऐकण्याच्या सवयी, ध्वनिमुद्रणाचे तंत्र, बाजारपेठ आणि पदार्थविज्ञान अशी चार सूत्रे एकमेकांत गुंतली आहेत. ती सोडवून पाहिल्यास ‘चांगला आवाज’ म्हणजे काय आणि तो कोण ठरवतो, ह्या जुन्या प्रश्नाला एक नवी बाजू मिळते.

आरंभ शब्दापासून करू. इंग्रजीत ‘टॉम-टॉम’ हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस आढळू लागतो आणि कोशकार त्याचे मूळ हिंदुस्थानातील ‘टमटम’ अशा ध्वन्यनुकारी शब्दाकडे नेतात. पौर्वात्य देशांतील कोणत्याही हातढोलाला गोरे प्रवासी हे नाव देत. पुढे ते अमेरिकेत पोहोचले आणि तेथे चिनी ढोलांना चिकटले. हे ढोल अमेरिकेच्या शहरांतील चिनी वस्त्यांतून वादकांच्या हाती आले. डुकराचे कातडे खिळ्यांनी लाकडी अंगावर ठोकलेले आणि त्यावर बहुधा ड्रॅगनची रंगीत चित्रे, असे त्यांचे रूप होते. त्यांचा ताण बदलण्याची काही सोय नव्हती. हवा दमट झाली की आवाज उतरे, कोरडी झाली की चढे.

त्याच सुमारास ड्रमसंच आकाराला येत होता. लष्करी बँडमध्ये बेस ड्रम एकाने, स्नेअर दुसऱ्याने आणि झांजा तिसऱ्याने वाजवायच्या, अशी विभागणी असे. नाट्यगृहाच्या अरुंद जागेत आणि तुटपुंज्या मेहनतान्यात तीन माणसे परवडत नसत. तेव्हा एकाच माणसाने सारे वाजवावे, ही गरज निर्माण झाली. स्नेअर प्रथम खुर्चीवर ठेवून वाजवत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यासाठी उंची बदलता येणारे स्टँड निघाले. १९०९ साली शिकागोच्या विल्यम एफ. लुडविग ह्यांनी बेस ड्रमच्या पायटीचे एकस्व घेतले आणि दोन्ही हात मोकळे झाले. मोकळ्या हातांना वाजवायला आणखी काही हवे, म्हणून घंटा, लाकडी ठोकळे, शिट्ट्या आणि चिनी टॉम गोळा झाले. ह्या साऱ्या पसाऱ्याला इंग्रजीत ‘कॉन्ट्रॅप्शन’ म्हणत आणि त्यावरूनच ड्रमसंचाला ‘ट्रॅप्स’ हे नाव पडले असे मानतात. म्हणजे वाद्याचे एक नाव त्याच्या नादावरून न पडता त्याच्या जुळणीवरून पडले. हा योगायोग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो.

१९२०च्या दशकात हा पसारा बेस ड्रमवर बसवलेल्या धातूच्या चौकटीला टांगलेला असे. तिला कन्सोल म्हणत. चिनी टॉम तिच्यावर कड्यांनी लटकत. हार्लेममधील सॅव्हॉय नृत्यगृह गाजवणारे चिक वेब ह्यांच्या १९३०च्या दशकातील छायाचित्रांत चाकांवर फिरणारा असाच कन्सोल दिसतो. ही जोडणी ओबडधोबड खरी, पण तिच्यात एक गुण अनायासे होता. कडीला लटकलेला ढोल बराचसा मोकळा असतो. त्याला पकडून ठेवणारे फार थोडे असते.

ही मोकळीक फार काळ टिकली नाही आणि त्याला कारण संगीताचेच होते. जीन क्रुपा हे बेनी गुडमन ह्यांच्या वाद्यवृंदातले वादक. टॉम हे केवळ चमत्कृतीसाठी अधूनमधून ठोकायचे वाद्य नसून त्यावर सलग लय चालवता येते, हे त्यांनी श्रोत्यांच्या मनावर ठसवले. जुलै १९३७मध्ये मुद्रित झालेली ‘सिंग, सिंग, सिंग’ ही रचना आठ मिनिटांहून मोठी, म्हणजे त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या दोन्ही बाजू व्यापणारी होती आणि तिचा कणाच मुळी टॉमवरचे वादन हा होता. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये तीच रचना वाजली. ज्या वाद्यावर इतका भार टाकायचा त्याचा स्वर हवामानावर सोडून चालत नाही. स्लिंगरलँड ह्या शिकागोच्या कंपनीने क्रुपा ह्यांच्यासाठी दोन्ही पडदे ताणता येतील असे टॉम १९३०च्या दशकाच्या मध्यास तयार केले. त्यापूर्वी वरचा पडदा ताणता येत असे, खालचा खिळ्यांनीच ठोकलेला असे.

नव्या टॉमवर कडी आली, ताणाचे स्क्रू आले, ते स्क्रू ज्यात बसतात त्या धातूच्या खुंट्या आल्या. वजन वाढले. सलग लय वाजवायची तर वाद्य हलून चालणार नाही, म्हणून लटकवणे जाऊन बसवणे आले. मॅसॅच्युसेट्समधील वॉलबर्ग अँड ऑज ही कंपनी त्या काळी अनेक ड्रमउत्पादकांना सुटे भाग पुरवी. बेस ड्रमवर एक लहान रूळ, त्यावर पुढेमागे सरकणारा दांडा आणि टॉमच्या अंगावर स्क्रूने घट्ट केलेली धातूची पट्टी, ही जोडणी पुढे काही दशके प्रमाण मानली गेली. टॉमच्या लाकडी कवचाला, म्हणजे वादक ज्याला शेल म्हणतात त्याला, भोके पाडून लोखंड जोडण्याची प्रथा अशी रूढ झाली.

ह्या जोडणीमुळे आवाज दबतो अशी तक्रार त्या काळी फारशी उमटली नाही आणि त्याचे कारणही पाहण्याजोगे आहे. १९५०च्या दशकातील जॅझवादक लहान टॉम वापरीत आणि ते चढे लावीत. चढ्या लावलेल्या वासरी चामड्याचा स्वर मुळातच आखूड असतो. जॅझच्या जलद संवादात पुढचा आघात येण्यापूर्वी मागचा विरलेला बरा. जे कोणाला नकोच होते ते लोखंडाने शोषले, तर त्याची खंत कोण करणार?

१९५७च्या सुमारास प्लॅस्टिकचे पडदे बाजारात आले. रेमो बेली ह्यांची कंपनी त्याच वर्षीची. प्लॅस्टिक दमट हवेत ढिले पडत नाही, स्वस्त पडते आणि चामड्यापेक्षा अधिक काळ निनादते. पाठोपाठ ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हन ह्यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात बीटल्स वाजले. सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी रिंगो स्टार ह्यांचा लुडविग संच पाहिला आणि ड्रमसंचाची मागणी इतकी वाढली की कारखान्यांना ती पुरवणे अवघड झाले. रॉक संगीत मोठ्या आवाजाचे, मोठ्या मैदानांचे आणि मोठ्या ताकदीचे होते. एका टॉमचे दोन झाले, दोनाचे चार. रूळावरचा दांडा ह्या माराखाली घसरू लागला.

तेव्हा उत्पादकांनी जे केले ते त्यांच्या दृष्टीने अगदी सयुक्तिक होते. त्यांनी लोखंड वाढवले. १९६०च्या दशकाच्या आरंभी रॉजर्स कंपनीने गोळा आणि खोबण असलेली ‘स्विव्ह-ओ-मॅटिक’ जोडणी आणली. १९७०च्या दशकाच्या मध्यास त्याच कंपनीच्या ‘मेमरीलॉक’मध्ये जाड नळ्या आल्या. जपानच्या पर्ल कंपनीने टॉमच्या शेलला भले मोठे भोक पाडून नळी थेट आत जाईल अशी रचना रूढ केली. स्टँडचे पाय दुहेरी पट्ट्यांचे झाले. १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात जेफ पोरकारो ह्यांच्या कल्पनेतून पर्लने आडव्या नळ्यांचा सांगाडा काढला आणि सारे टॉम त्यावर रांगेने बसले. आता काहीही हलत नव्हते, काहीही घसरत नव्हते. पण टॉम हातात धरून वाजवला तर एक आवाज आणि जागेवर बसवला तर दुसरा, हा अनुभव वादकांना वारंवार येऊ लागला. हातातला टॉम घुमे. बसवलेला ‘ठप्प’ करून थांबे.

असे का होते, हे समजून घ्यायला थोडे पदार्थविज्ञान हवे. बारा इंच व्यासाचा आणि पाव मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पडदा घेतला, तर त्याच्या कंप पावणाऱ्या भागाचे वजन जेमतेम पंचवीस ग्रॅम भरते. शेल, कडी आणि खुंट्या मिळून काही किलोंचा ऐवज असतो. पडदा खाली जातो तेव्हा शेलला वर खेचतो, वर येतो तेव्हा खाली ढकलतो. शेल त्यामुळे किंचित हलतो, परंतु त्याचे वजन पडद्याच्या शंभरपट असल्याने ही हालचाल डोळ्यांना दिसत नाही. टॉम मोकळा असेल तर ह्या हालचालीत ऊर्जा खर्च होत नाही. ती पडद्याकडून शेलकडे आणि शेलकडून पडद्याकडे येत-जात राहते. हळूहळू तिचा नाद होऊन ती हवेत जाते.

आता टॉम दांड्याला जोडा. शेलची ती सूक्ष्म हालचाल दांड्यात उतरते, दांड्यातून सांध्यात, सांध्यातून बेस ड्रमच्या अंगात किंवा स्टँडच्या पायांत आणि शेवटी जमिनीत. प्रत्येक सांध्यात थोडे घर्षण होते आणि ऊर्जेचा एक हिस्सा उष्णतेच्या रूपाने नाहीसा होतो. पडद्याला दिलेली ऊर्जा ठरावीक असल्याने एकीकडे जे गळते ते दुसरीकडे नादातून वजा होते.

येथे एक बारकावा आहे आणि तो आमच्या विवेचनाच्या मुळाशी आहे. आधार जितका घट्ट तितका नाद अधिक दबतो, असा समज पुष्कळांचा असतो. तो पुरता खरा नाही. समजा टॉम एखाद्या डोंगराएवढ्या निश्चल खडकात चिणला, तर शेल अजिबात हलणार नाही; आणि जे हलत नाही त्यातून ऊर्जा वाहूही शकत नाही. पूर्ण मोकळा आणि पूर्ण जखडलेला, ह्या दोन्ही टोकांना नाद सुरक्षित राहतो. तो खाल्ला जातो मधल्या प्रदेशात, जेथे आधार पुरेसा लवचीक असल्याने हलतो आणि पुरेसा घर्षणयुक्त असल्याने हललेले गिळतो. ड्रमसंचाचे लोखंड नेमके ह्याच प्रदेशात मोडते. लांब दांडा, त्याच्या टोकाला जड टॉम आणि मध्ये तीन-चार सांधे, अशा रचनेला स्वतःच्या कंपनसंख्या असतात. त्यांपैकी एखादी टॉमच्या मूळ स्वराशी जुळली, तर दांडा त्या स्वराला प्रतिसाद देत थरथरतो आणि टॉम मुका होतो. एकाच संचातले तीन टॉम गातात आणि चौथा काही केल्या गात नाही, ह्या सर्वपरिचित कोड्याचे एक उत्तर हे आहे. तो टॉम अर्धा स्वर चढवला किंवा दांडा दोन बोटे आखूड केला की कधीकधी तो पुन्हा बोलू लागतो, तो ह्याचमुळे.

दुसरा बारकावा पडद्याच्या कंपनप्रकारांचा. गोल पडदा अनेक रीतींनी कंप पावतो. मूळ प्रकारात सारा पडदा एकत्र वरखाली होतो. पुढच्या प्रकारांत त्याचे भाग पडतात. एक अर्धा वर जातो तेव्हा दुसरा खाली जातो. तारेप्रमाणे ह्या कंपनसंख्या दुप्पट, तिप्पट अशा नसतात. आदर्श पडद्यात त्या मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट अशा आडवळणी प्रमाणात येतात. शेलवर एकत्रित जोर पडतो तो प्रामुख्याने मूळ प्रकारात. भाग पडलेल्या प्रकारांत एका भागाचा जोर दुसऱ्या भागाच्या जोराने बव्हंशी फिटतो. फार तर शेलला डोलायला लावील असा पीळ उरतो. शिवाय टॉमला दोन पडदे असतात आणि आतल्या हवेने ते एकमेकांशी बांधलेले असतात. दोन्ही एकाच दिशेने हलतात तेव्हा शेलवर त्यांचा जोर साचतो. विरुद्ध दिशांनी हलतात तेव्हा तो बराचसा फिटतो. टॉमचा सर्वांत खालचा, पोटातून येणारा स्वर पहिल्या प्रकारचा असतो.

निष्कर्ष असा की वाईट जोडणी सगळ्या आवाजाला सारखे दाबत नाही. ती निवडून तळाचा स्वर खाते आणि वरचे कर्कश अंश तसेच ठेवते. आवाज लहान होतो असे म्हणण्यापेक्षा तो पोकळ होतो असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. वादक ज्याला ‘गळा दाबल्यासारखा’ आवाज म्हणतात त्याचे वर्णन ह्याहून नेमके करता येणार नाही.

मग हे दोष १९६०-७०च्या दशकांत खपले कसे? आम्हाला वाटते, ह्याचे उत्तर ध्वनिमुद्रणगृहात सापडते. अनेक मार्गिकांच्या ध्वनिमुद्रणात प्रत्येक ढोलाजवळ वेगळा मायक्रोफोन आला. जवळच्या मायक्रोफोनला टॉमची लांबलेली आस नकोशी वाटे. ती इतर वाद्यांच्या मार्गिकांत मिसळे. म्हणून पडद्यांवर चिकटपट्ट्या, रुमाल, नमद्याचे तुकडे आले. बीटल्सच्या अखेरच्या वर्षांत, १९६९च्या आसपास, रिंगो स्टार ह्यांच्या टॉमवर भांडी पुसायची फडकी पसरलेली दिसतात आणि तो मऊ, बुजलेला ठोका त्या मुद्रणांची ओळख ठरला. पुढे खालचा पडदाच काढून टाकलेले एका पडद्याचे टॉम आले. ज्या काळात नाद मारणे हेच कौशल्य होते त्या काळात लोखंड नाद मारते, ही तक्रार कोणाला सुचली असती? लोखंड उलट मदतच करत होते.

अपवाद होते. १९७१ साली लेड झेपेलिनच्या चौथ्या संग्रहासाठी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या इंग्रजी वास्तूत जॉन बॉनम ह्यांचा संच दिवाणखान्यासारख्या उंच मोकळ्या जागेत मांडला गेला आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स ह्यांनी मायक्रोफोन वर जिन्याच्या कठड्यावरून लटकवले. तेथे काहीही बुजवलेले नव्हते. खोली, जिना, ढोल असे सारे मिळून वाजत होते. त्या मुद्रणाचा महिमा पुढे इतका वाढला की निनाद म्हणजे दोष ही समजूतच हळूहळू उलटली.

उलटण्याची एक पायरी मोठी विलक्षण आहे. १९८०च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रियल आणि फिल कॉलिन्स ह्यांच्या मुद्रणांसाठी ह्यू पॅजम ह्यांनी खोलीचा प्रतिध्वनी पकडून तो एकाएकी कापण्याचे तंत्र वापरले. कॉलिन्स ह्यांचे टॉम एका पडद्याचे, म्हणजे स्वतःची आस जवळपास नसलेले. त्यांना यंत्राने आस बहाल केली. वाद्यातून काढून घेतलेला नाद विजेच्या उपकरणातून परत दिला गेला आणि त्या दशकाने तोच टॉमचा खरा आवाज मानला.

ह्याच सुमारास दुसऱ्या टोकाकडून प्रश्नाला हात घातला गेला. मिनेसोटातील गॅरी गॉगर ह्यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘रिम्स’ ही जोडणी घडवली. ‘रेझोनन्स आयसोलेशन माउंटिंग सिस्टिम’ ह्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. कल्पना साधी होती. शेलला भोक पाडायचेच नाही. धातूची एक वाकवलेली पट्टी टॉमच्या बाहेरून फिरवायची, तिच्यात रबराची लहान कडी बसवायची आणि वरच्या कडीचे काही ताणस्क्रू त्यांतून ओवायचे. दांडा पट्टीला जोडला जातो, टॉम पट्टीवर रबराच्या आधाराने तरंगतो. मोटारीचे इंजिन चौकटीवर थेट न बसवता रबरी गाद्यांवर बसवतात, त्याच तत्त्वाचा हा उपयोग. रबरावर टेकलेले वजन स्वतः अगदी मंद गतीने डोलते. टॉमचा स्वर त्याहून कितीतरी जलद असल्याने तो रबर ओलांडून पलीकडे फारसा जात नाही. चिनी टॉमला कडीवर लटकताना जी मोकळीक आयती लाभली होती, तीच आता विचारपूर्वक परत आणली गेली.

१९९०च्या दशकात ही कल्पना सर्वमान्य झाली. जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीने आपली आवृत्ती काढली. तामाची ‘स्टारकास्ट’ आणि पर्लची ‘ऑप्टिमाउंट’ ह्या कडी किंवा ताणाच्या खुंट्या ह्यांच्या आधाराने टॉम पेलणाऱ्या होत्या. यामाहाने वेगळा मार्ग धरला. शेलच्या अंगावर जेथे कंपन सर्वांत कमी असते तेथे, लहानशा पायावर आणि मध्ये रबर घालून, जोडणी करायची, असे त्यांच्या ‘येस’ पद्धतीचे सूत्र. बेस ड्रमवर काहीही न जोडता टॉम स्वतंत्र स्टँडवर टांगावेत, अशीही रीत आली. बेस ड्रमच्या शेललाही भोकापासून मुक्ती मिळाली. जाहिरातींत ‘अनुनाद’ हा परवलीचा शब्द झाला.

तरीही ह्या प्रकरणाचा शेवट ‘आणि मग सुधारणा झाली’ असा करता येत नाही. तरंगत्या टॉमचे तोटे वादकांना लवकरच कळले. आघाताखाली तो उसळतो आणि काठीला मिळणारा प्रतिसाद बदलतो. ताणस्क्रूंवर टॉमचे सारे वजन एका बाजूने येत असल्याने तिकडचा ताण ढळू शकतो. वरचा पडदा बदलायचा तर पट्टीत ओवलेले स्क्रू काढावे लागतात आणि टॉमच हाती येतो. पट्टीच्या जाडीमुळे दोन टॉम हवे तितके जवळ आणता येत नाहीत. सर्वांत गमतीची गोष्ट अशी की इतक्या खटाटोपाने मिळवलेली आस लांबते, म्हणून त्याच टॉमच्या पडद्यावर वादक जेलीच्या चिकट चकत्या लावतात. एका हाताने जे द्यायचे ते दुसऱ्या हाताने काढून घ्यायचे.

ह्यात विसंगती दिसते, परंतु आमच्या मते ती वरवरची आहे. पडद्यावर चकती लावणारा वादक मुख्यत्वे वरचे कर्कश अंश मारतो; वाईट जोडणी तळाचा स्वर मारते. पहिली निवड वादकाची असते, क्षणात बदलता येते, गाण्यागणिक बदलता येते. दुसरी कारखान्याने केलेली असते आणि वादकाला ती सहन करावी लागते. कलावंताच्या दृष्टीने प्रश्न किती नाद उरला एवढाच नसतो. तो कमी करण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हाही असतो. चांगल्या जोडणीचे खरे मोल आम्हाला येथे दिसते.

आपल्याकडील वाचकाला ह्या साऱ्यात चुंबळीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. तबला आणि डग्गा कापडाच्या चुंबळीवर ठेवतात. ती वाद्याला स्थिर करते, त्याला हवा तो कल देते आणि कठीण जमीन व वाद्य ह्यांच्यामध्ये मऊ थर राखते. १९२० साली चंद्रशेखर वेंकट रामन आणि शिवकाली कुमार ह्यांनी ‘नेचर’मध्ये भारतीय चर्मवाद्यांच्या स्वरसंवादी अंशांविषयी टिपण लिहिले, पडद्यावरच्या शाईच्या थरामुळे आडवळणी प्रमाणे सरळ होतात, हे त्यातून जगापुढे आले. शाईला वैज्ञानिक मिळाला, चुंबळीला मात्र कोणी मिळाला नाही. पेटंट, जाहिरात आणि लांबलचक नाव ह्यांपैकी काहीही नसलेला हा आधार पिढ्यान्‌पिढ्या आपले काम निमूटपणे करीत आला. अर्थात तबल्याचे जड खोड आणि बोटांचा आघात ही वेगळीच परिस्थिती आहे, तेव्हा तुलना फार ताणू नये. परंतु वाद्याचा आधार हा वाद्याचाच भाग आहे, हे आपल्या कारागिरांना निराळे सांगावे लागले नव्हते, एवढे म्हणता येईल.

एकविसाव्या शतकात आणखी एक वळण आले. जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या ओढीने वादक पुन्हा रूळावरच्या जोडणीकडे आणि शेलला थेट स्क्रूने बसवलेल्या पट्ट्यांकडे वळले. कंपन्यांनीही जुन्या नमुन्यांच्या आवृत्त्या काढल्या. ह्याला केवळ गतकाळाचे वेड म्हणून हिणवणे सोपे आहे. पण ज्या मुद्रणांवर आमच्यासारख्या श्रोत्यांचे कान घडले ती बहुतेक ‘सदोष’ जोडण्यांवर वाजलेली आहेत. क्रुपा ह्यांचा टॉम, रिंगो ह्यांचा टॉम, जॅझच्या सुवर्णकाळातले टॉम ह्यांच्या अंगाला लोखंड स्क्रूने आवळलेले होते. त्या आवाजातले जे आखूडपण आपण त्या वादकांच्या शैलीच्या खाती जमा करतो, त्यातला काही वाटा दांड्याचा आणि पट्टीचा आहे. दोष काढून टाकला तर तो आवाजही जातो.

समीक्षकासाठी ह्यातून एक कर्तव्य निघते. ‘ह्या वादकाचा ठोका कोरडा, त्याचा गोल’ अशी विशेषणे आपण सहज वापरतो. त्या ठोक्यात मनगट किती, पडदा किती, खोली किती आणि लोखंड किती, ह्याचा हिशेब केल्याखेरीज ती विशेषणे अर्धी राहतात. हिशेबाने कोणाची प्रतिभा कमी होत नाही. क्रुपा ह्यांना आवळलेल्या टॉममधून दोन बाजूंची ध्वनिमुद्रिका उभी करता आली आणि बॉनम ह्यांना मोकळ्या खोलीतून, हे दोन्ही खरेच आहे; आधार कोणता होता हे कळल्यावर त्यांनी काय केले ते उलट अधिक स्पष्ट दिसते.

ज्यांच्या हाताशी टॉम असेल त्यांनी एक साधी परीक्षा जरूर करावी. टॉम वरच्या कडीला दोन बोटांत हलका धरून वाजवावा. मग जागेवर बसवून त्याच जोराने वाजवावा. दोन आवाजांत जेवढे अंतर पडते तेवढे ते लोखंड वाजते आहे असे समजावे. ते अंतर ठेवायचे की मिटवायचे, हे ठरवण्याचे काम मात्र वाजवणाऱ्याच्या कानाचे आहे.